संसदेचा कर्मचारी सरकारच्या हाताखाली नसतो

‘लोकसभेचे कर्मचारी म्हणजे केंद्र सरकारच्याच एका खात्याचे नोकर,’ हा समज वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो चुकीचा आहे. राज्यघटनेच्या कलम 98 नुसार लोकसभा आणि राज्यसभेला स्वतंत्र सचिवालये आहेत. लोकसभेचे सचिवालय अध्यक्षांच्या अधिकाराखाली चालते, मंत्र्यांच्या नव्हे. विधिमंडळांसाठी अशीच तरतूद कलम 187 मध्ये आहे.

पूर्वी मात्र चित्र वेगळे होते. ब्रिटिश काळात केंद्रीय विधानसभेचे, म्हणजे तेव्हाच्या केंद्रीय कायदेमंडळाच्या कनिष्ठ सभागृहाचे, कामकाज सरकारचेच खाते पाही. ज्या सरकारला जाब विचारायचा, त्याच्याच कारकुनांकडे प्रश्न सोपवायचे! सभेचे अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल यांनी यावर रान उठवले आणि जानेवारी 1929 मध्ये सभेचे वेगळे खाते उभे राहिले.

आता दुसरा गैरसमज: हे लोक फक्त कागद सरकवतात. समित्यांसाठी टिपणे, अहवालांचे मसुदे, खासदारांना संदर्भसाहित्य हे सगळे त्यांच्याकडूनच येते. म्हणून 1976 मध्ये प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. त्याचे आजचे नाव ‘प्राइड’. परदेशी संसदांचे अधिकारीही तिथे शिकायला येतात. महासचिवपदी, म्हणजे सचिवालयाच्या प्रमुखपदी, मात्र अनेकदा सनदी सेवेतली माणसे आणली जातात. हे मला खटकते.