फुमदीला तळ हवा

आपल्याकडच्या नद्यांवर माजणारी जलपर्णी सगळ्यांनी पाहिलेली असते. तिचा फुगीर देठ कधी आडवा कापून पाहा. आत स्पंजासारखी हवेची इवली घरं दिसतात, आणि पाण्याखाली धरून पिळला तर बुडबुडे सुटतात. याच युक्तीच्या जोरावर मणिपूरमध्ये माणसं पाण्यावर राहत आली आहेत.

इंफाळच्या दक्षिणेला लोकताक सरोवर आहे. त्यावर गवत, मुळं, कुजका पाला आणि माती यांचे थर एकमेकांत गुंतून तरंगत असतात. तिथे त्याला फुमदी म्हणतात. पाण्यावर अंथरलेली जाड गोधडीच ती. पाणवनस्पतींच्या खोडामुळांतल्या पोकळ्या आणि कुजताना अडकून राहणारा वायू तिला वर धरतात. तरीही तिचा साधारण चार पंचमांश भाग पाण्याखालीच असतो. म्हणजे मीटरभर जाडीची फुमदी पाण्यावर दिसते ती वीतभरच.

या वीतभर जमिनीवर मैतेई कोळी बांबूची झोपडी बांधतात, तिला फुमशांग म्हणतात. फुमदीचेच पट्टे गोल जोडून ते पाण्यात रिंगण करतात, ते अथाफुम. सावलीला आणि खाद्याला मासे आत येतात, मग जाळ्याने घेरून धरायचे. फुमदीवर भाताच्या कुळातलं एक उंच गवत वाढतं, इशिंग कांबोंग. त्याचे कोवळे कोंब माणसं आवडीने खातात आणि सांगाई हरणही खातं. सरोवराच्या आग्नेय भागातलं केइबुल लामजाओ हे तरंगतं राष्ट्रीय उद्यान या हरणाचं जगातलं एकमेव नैसर्गिक घर. 1975 च्या मोजणीत तिथे फक्त 14 सांगाई उरले होते, 2016 मध्ये 260 भरले.

पण फुमदी बारा महिने तरंगत राहिली तर टिकत नाही. पूर्वी उन्हाळ्याच्या तोंडाला सरोवराचं पाणी उतरे, फुमदी तळाला टेके आणि मुळं गाळात शिरून पोषण घेत. पावसाळ्यात पाणी चढलं की धष्टपुष्ट होऊन ती पुन्हा वर येई. 1983 मध्ये मणिपूर नदीवर इथाई बंधारा झाला. 105 मेगावॉट वीजनिर्मितीसाठी सरोवराची पातळी वर्षभर उंच ठेवली जाऊ लागली आणि फुमदीचं टेकणं थांबलं. खालून कुजणं चालूच राहिलं, भर पडेना. उद्यानातली फुमदी विरत चालली. जाडी अर्ध्या मीटरवर आली की पाण्यावर जेमतेम दहा सेंटिमीटर उरते. सांगाईचा पाय सरळ आरपार जातो.

बंधाऱ्याने आणखी एक वाट अडवली. म्यानमारच्या नद्यांतून वर चढून येणारा पेंगबा मासा लोकताकमधून नाहीसा झाला. आता तो तळ्यांत पाळावा लागतो.

कोळ्यांचं सगळंच बरोबर होतं असं नाही. अथाफुमांची संख्या फार वाढली, त्यात पाणी कोंडलं, हे खरं. पण 2011 मध्ये सरोवर वाचवण्याच्या नावाखाली शेकडो फुमशांग जाळले गेले, ते मला आजही पटत नाही. बंधाऱ्याचे दरवाजे मात्र तसेच राहिले. फेब्रुवारी-मार्चमध्ये काही आठवडे तरी पाणी उतरू द्यावं, निदान उद्यानातली फुमदी गाळाला टेकेल इतकं. त्यापायी वीज थोडी कमी मिळाली तर मिळू दे.