आयटीत शिरायला ॲप्रेंटिसशिप: नाशिकच्या पोरांसाठी फॉर्म, कागदपत्रं आणि नावाचा घोळ

आयटीआयचा कोपा, म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटरचा कोर्स झाला, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक झालं किंवा बीसीए झालं आणि आता पुणं गाठायचं का, हा प्रश्न आपल्याकडे घरोघरी आहे. पुण्याला जायच्या आधी सातपूर, अंबड, सिन्नरच्या कंपन्यांत ॲप्रेंटिस म्हणून, म्हणजे महिन्याचा स्टायपेंड घेऊन काम शिकायला, लागता येतं का ते बघा. ओझरला एचएएलमध्येही, म्हणजे विमानांच्या सरकारी कारखान्यातही, ॲप्रेंटिस घेतात, फिटर-टर्नरच्या बरोबरीने कोपावाल्यांनाही.

आधी पोर्टल कुठलं ते ठरवा, कारण दोन आहेत आणि निम्मी पोरं इथंच चुकतात. आयटीआय, दहावी-बारावीवाल्यांनी ॲप्रेंटिसशिप इंडियाच्या पोर्टलवर जायचं, तिथली केंद्राची योजना म्हणजे नॅप्स. डिप्लोमा, इंजिनिअरिंग, बीसीए वगैरेंसाठी नॅट्स हे केंद्राचं दुसरं पोर्टल, आणि तिथं पास होऊन पाच वर्षांच्या आत असावं लागतं. वय कमीत कमी १४, धोक्याच्या कामाला १८. अठराच्या आतल्याच्या करारावर पालकांची सही लागते.

कागदपत्रं फार नाहीत. आधार, मार्कशीट, आयटीआयचं सर्टिफिकेट किंवा डिग्री, फोटो, बँक पासबुक, चालू असलेला मोबाईल नंबर आणि ईमेल. ईमेल स्वतःचा द्या, कॅफेवाल्याचा नको, नंतर ओटीपीसाठी त्याच्या मागं फिरावं लागतं.

खरी गंमत नावात आहे. आपल्या दहावीच्या मार्कशीटवर आडनाव पहिलं, आधारवर बहुतेकांचं शेवटी, त्यात कुणाच्या वडलांच्या नावापुढं राव आहे तर कुणाच्या नाही. माझ्या मावसभावाचं आधारवर 'ज्ञानेश्र्वर' असं काहीतरी पडलेलं, ते दुरुस्त होईस्तोवर कंपनीतली जागा भरून गेली. म्हणून आधार आणि मार्कशीट शेजारी शेजारी ठेवून एकेक अक्षर बघा, मगच पोर्टलवर केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पडताळणी करा.

दुसरं बँकेचं. सरकारचा हिस्सा थेट खात्यात येतो, आणि आधार खात्याला लिंक असणं वेगळं आणि डीबीटीसाठी सीडिंग, म्हणजे सरकारी पैसे याच खात्यात टाकायचे अशी आधारवर नोंद असणं वेगळं. बँकेत जाऊन 'आधार सीडिंग झालंय का' असंच विचारा, नुसतं लिंक विचारलं की ते हो म्हणतात आणि पैसे येतच नाहीत.

रजिस्ट्रेशन झालं की नंबर मिळतो, तो जपून ठेवा, बऱ्याच जाहिरातींत तोच मागतात. मग जागा शोधून अप्लाय करायचं, कंपनी बोलावते, काही ठिकाणी मार्कांवर लिस्ट लागते. निवड झाल्यावर कंपनी पोर्टलवर कॉन्ट्रॅक्ट बनवते, त्यात ट्रेड, महिने, स्टायपेंड वाचून मगच मान्य करा. "आधी कामावर या, कॉन्ट्रॅक्ट नंतर बघू" असं कुणी म्हणालं तर जाऊ नका, कॉन्ट्रॅक्ट नसेल तर तुम्ही ॲप्रेंटिस नाहीच, नुसते स्वस्तातले हेल्पर. २०१९ च्या नियमांत किमान स्टायपेंड आयटीआयला महिना ७०००, डिप्लोमाला ८०००, पदवीला ९००० असा धरला होता, आताचा आकडा पोर्टलवर बघून घ्या, कंपनी जास्त देऊ शकते, कमी नाही.

संपल्यावर नोकरी देणं कंपनीला बंधनकारक नाही, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. पण आयटीआयवाल्यांनी शेवटची परीक्षा बुडवू नका, ती पास झाल्यावरच नॅशनल ॲप्रेंटिसशिप सर्टिफिकेट मिळतं. फॉर्म अडकला तर त्र्यंबक रोडच्या सरकारी आयटीआयमध्ये ॲप्रेंटिसशिपचं काम कोण बघतं ते विचारा, आणि जाताना ओरिजिनल कागदपत्रं घेऊन जा.