दगडी झालेली कास आणि निकामी होणारी इंजेक्शनं

मृगाचा पाऊस एकदा लागला की कोकणातला गोठा दसऱ्यापर्यंत नीट वाळत नाही. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, खाली जांभ्याचे चिरे किंवा सारवलेली जमीन, त्यावर अंथरलेला ओलसर पातेरा. धार काढून झाली की गाय त्याच ओलीत बसते. मग एखाद्या सकाळी कास सुजलेली, तापलेली, हाताला कडक लागते. दुधात गाठी येतात, कधी रक्तही. हा कासदाह, म्हणजेच दगडी. कोकण कपिलेसारख्या छोट्या चणीच्या, थोडंच दूध देणाऱ्या गावठी गाईला याचा त्रास कमी. जास्त दुधासाठी घाटावरून आणलेल्या, मोठ्या लोंबत्या कासेच्या संकरित गाईला जास्त.

डॉक्टर इंजेक्शन देतात, सडात ट्यूब सोडतात. पूर्वी दोन दिवसांत ओसरणारी सूज हल्ली ओसरत नाही, तेव्हा घरातले म्हणतात, ‘गाईला इंजेक्शनची सवय झाली.’ गाईला कसलीही सवय होत नाही. बदललेली असते ती कासेतली जिवाणूंची वस्ती. कोट्यवधी जिवाणूंमध्ये दोन-चार असे असू शकतात की ज्यांच्यावर ते औषध चालत नाही. औषध बाकीच्यांना मारतं आणि या दोन-चारांना सगळी जागा मोकळी करून देतं. प्रतिकार बहुधा आधीपासून कुठेतरी असतोच, औषध त्याची निवड करतं. पेनिसिलिन रुग्णांना सर्रास मिळू लागण्याआधीच, १९४० साली, एडवर्ड अब्राहम आणि अर्न्स्ट चेन यांना पेनिसिलिन निकामी करणारं विकर (एन्झाइम) जिवाणूंमध्ये सापडलं होतं.

दगडीत ठाण मांडून बसणारा एक जिवाणू म्हणजे स्टॅफिलोकोकस ऑरियस. तो कासेत चिकट थर तयार करून त्याखाली राहतो, शिवाय गाईच्या पेशींच्या आतही शिरतो. तिथवर औषध पुरेसं पोचत नाही. वरची सूज उतरते, दूध पुन्हा पांढरं दिसतं, गाय वैरण खाऊ लागते आणि उरलेली इंजेक्शनं राहून जातात. महिन्याभराने दगडी परत येते. मधल्या काळात दोहणाऱ्याच्या हातावरून, सगळ्या सडांना वापरलेल्या एकाच फडक्यावरून तो शेजारच्या गाईत गेलेला असतो.

औषध अर्धवट सोडू नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण माणसांच्या बाबतीत यावरही वाद आहे. गरजेपेक्षा लांबलेला कोर्स आतड्यातल्या निरुपद्रवी जिवाणूंमध्येही प्रतिकाराची निवड करत राहतो, असा मुद्दा २०१७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये काही तज्ज्ञांनी मांडला. किती दिवस द्यायचं हे डॉक्टरांनीच ठरवावं. मला त्याहून मोठा प्रश्न वाटतो तो मुळात देण्याचा. ओल्या शेणातून येणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूमुळे झालेली सौम्य दगडी पुष्कळदा गाईचं शरीर स्वतःच निस्तरतं. तिथेही सेफ्ट्रियाक्सोन हे अँटिबायोटिक टोचलं जातं, आणि हेच औषध दवाखान्यात टायफॉइडच्या रुग्णाला देतात. लाळ्या खुरकूत आणि लम्पी हे तर विषाणूंचे आजार. वरून जिवाणूंचा संसर्ग झाला नसेल तर त्यांत अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही.

आता शेणाकडे येऊ. टेट्रासायक्लिनसारख्या औषधाचा मोठा भाग न बदलता मूत्रातून आणि शेणातून बाहेर पडतो. शेण गायरीत, म्हणजे शेणखताच्या खड्ड्यात जातं, आणि तिथे दाटीवाटीने राहणाऱ्या जिवाणूंमध्ये देवाणघेवाण चालते. प्रतिकाराची जनुकं बऱ्याचदा प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यांवर असतात. एक जिवाणू त्या कड्याची प्रत दुसऱ्याला देतो, अगदी दुसऱ्या जातीच्या जिवाणूलाही. शेजारणीला वाटीभर विरजण दिलं तरी आपल्या घरचं दही संपत नाही, तसं देणाऱ्याचं काहीच कमी होत नाही. कोलिस्टिन हे माणसांसाठी शेवटच्या फळीतलं औषध. त्याला दाद न देणारं जनुक अशाच कड्यावर असल्याचं २०१५ साली चीनमध्ये उघड झालं, आणि ते डुकरांतही सापडलं, माणसांतही. भारताने २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांकरता कोलिस्टिन बनवण्यावर आणि विकण्यावर बंदी घातली. गायरी उघडी असेल तर आषाढातल्या एका रात्रीच्या पावसात तिचं पाणी पऱ्यात, पऱ्यातून खाडीत जातं. खत नीट कुजून आतून तापलं की यातले पुष्कळ जिवाणू मरतात, म्हणून गायरीवर छप्पर असणं फायद्याचं.

दुधाचंही तसंच. उकळल्याने जिवाणू मरतात, औषधाचा बराचसा अंश मात्र टिकतो. विरजण लावूनही दही नीट लागत नसेल तर औषध त्यातले जिवाणू मारत असण्याची शक्यता आहे. औषधाच्या वेष्टनावर किती दिवस दूध वापरायचं नाही ते लिहिलेलं असतं. त्या औषधासाठी मुदत ठरलेली नसेल तर २०१२ च्या नियमानुसार दुधासाठी ती किमान ७ दिवस धरतात. दोन गाई असलेल्या घराला सात दिवसांचं दूध ओतून देणं परवडत नाही, हे खरंच आहे. म्हणून दगडी होऊच न देणं स्वस्त पडतं. धार काढल्यावर सडाचं तोंड अर्धा ते एक तास नीट मिटलेलं नसतं. तेवढा वेळ पुढ्यात वैरण टाकून गाय उभी ठेवली, सड आयोडीनच्या द्रावणात बुडवले आणि बसायला कोरडी जागा दिली, तर जिवाणूंना आत शिरायला वाव कमी मिळतो. गुरांना होणाऱ्या घटसर्पाची लस पावसाआधी टोचून घेतली तर त्या आजाराची इंजेक्शनंही वाचतात.

तरीही दगडी झालीच, तर कोणतं औषध लागू पडेल हे दूध तपासून कळतं. अडचण अशी की वाडीपासून प्रयोगशाळा लांब असते आणि निकालाला दोन दिवस लागतात. तोवर डॉक्टरांना अंदाजाने उपचार सुरू करावे लागतात. मात्र नमुना पहिल्या इंजेक्शनच्या आधी घ्यायला हवा. सड स्पिरिटने पुसून, सुरुवातीच्या दोन-तीन धारा सोडून, निर्जंतुक बाटलीत थोडं दूध घ्यायचं आणि बर्फात ठेवून पाठवायचं. इंजेक्शन दिल्यानंतर घेतलेल्या दुधातले जिवाणू प्रयोगशाळेत पुष्कळदा वाढतच नाहीत, मग अहवाल कोराच येतो.