निकाल लांबला, तर न्यायाधीशाला जाब कोण विचारणार?

ठाण्याच्या कोर्ट नाक्यावर काय किंवा बेलापूर-कल्याणला काय, तारीख घेऊन बाहेर पडणारा पक्षकार वकिलावर चिडतो, समोरच्यावर चिडतो. न्यायाधीशावर चिडून उपयोग नाही, हे तो गृहीत धरतो. त्याचं फारसं चुकत नाही.

आपल्याकडे आधी आलं ते संरक्षण. सद्भावनेने केलेल्या न्यायिक कामाबद्दल न्यायाधीशावर दावा लावता येत नाही, हा कायदा १८५० चा; १९८५ मध्ये ते कवच आणखी भक्कम झालं. ते हवंच, नाहीतर हरलेला प्रत्येक जण न्यायाधीशाला कोर्टात खेचेल. पण चुकीच्या निकालावर अपील असतं. निकालच आला नाही तर अपील कशावर करायचं?

१९७९ मध्ये बिहारच्या तुरुंगांत खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जलद सुनावणी हा राज्यघटनेच्या कलम २१ खालचा (जीवन व स्वातंत्र्याचा) हक्क ठरवला. हक्क मिळाला, मुदत मिळाली नाही. आपले माजी मुख्यमंत्री अंतुले यांच्या खटल्यात पाच न्यायाधीशांनी १९९१ च्या डिसेंबरात ठरावीक कालमर्यादा घालायला नकार दिला आणि २००२ मध्ये दुसऱ्या प्रकरणात सात न्यायाधीशांनी तेच कायम केलं. त्याच वर्षी दिवाणी दाव्यात एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुब्या नाहीत, हा नियम लागू झाला. रोजनामा, म्हणजे कोर्टातल्या कामाची रोजची नोंद, वाचणाऱ्याला त्याचं काय झालं ते सांगायला नको.

जाब विचारला जातो तो तालुका-जिल्हा पातळीवर. राज्यघटनेच्या कलम २३५ नुसार या न्यायाधीशांवर उच्च न्यायालयाचं नियंत्रण असतं. दरमहा किती प्रकरणं निकाली काढली याचा तक्ता वर जातो, त्यावरून गोपनीय अहवाल लिहिला जातो. माझ्या मते याने आकडे सुधारतात. झटपट सुटणारी प्रकरणं पुढे सरकतात आणि वाटणीचा जुना दावा तिथेच राहतो.

उच्च न्यायालयात तेवढाही धाक नाही. तिथल्या न्यायाधीशाला हटवायचं तर सिद्ध झालेलं गैरवर्तन किंवा अक्षमता लागते, तेही संसदेत. तक्रारींसाठी आणलेलं २०१० चं विधेयक लोकसभेत मंजूर झालं, पण २०१४ मध्ये बारगळलं. पाटणा उच्च न्यायालयाने सुनावणी संपल्यावर एक निकाल जवळपास दोन वर्षं राखून ठेवला, तेव्हा कुठे २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाट दाखवली: तीन महिने झाले की पक्षकाराने अर्ज करावा, सहा महिने झाले की प्रकरण दुसऱ्या खंडपीठाकडे देण्याची विनंती करावी. ज्याच्याकडून निकाल हवा, त्याच्याविरुद्धच हा अर्ज करायचा! २०२५ मध्ये हे पुन्हा बजावावं लागलं. आता तीन महिन्यांनंतर उच्च न्यायालयाच्या महाप्रबंधकाने (रजिस्ट्रार जनरल) प्रकरण मुख्य न्यायमूर्तींपुढे ठेवायचं आणि पुढच्या दोन आठवड्यांत निकाल न आल्यास ते दुसऱ्या खंडपीठाकडे जाणार.