वर सैल, खाली घट्ट

आमच्या रत्नागिरीच्या सड्यावर हद्दीचा दगड रोवायचा म्हणजे पहारीने घाम काढणारं काम. पण जांभ्यात एकदा बसला की तो दगड चार पिढ्या जागचा हलत नाही. जमीनच आपला दगड वर ढकलून देईल, हे कोकणातल्या माणसाच्या स्वप्नातही येणार नाही. ध्रुवांकडच्या मातीत मात्र हे दर हिवाळ्यात घडतं, आणि तिथे मोजणीच्या खुणा रोवणाऱ्यांची खरी झुंज याच्याशीच असते.

सलग दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ शून्याखाली राहिलेल्या जमिनीला कायम गोठलेली जमीन म्हणतात. तिचा वरचा थर, कुठे हातभर तर कुठे दोन-तीन मीटर, उन्हाळ्यात वितळतो आणि थंडीत पुन्हा गोठतो. सगळी गडबड या थरात आहे.

पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं, म्हणून जमीन वर येते, असं सहज वाटतं. पण तेवढ्याने हिशेब जुळत नाही. अमेरिकन भूवैज्ञानिक स्टीफन टेबर यांनी 1930च्या सुमारास पाण्याऐवजी बेंझीन वापरून पाहिलं. बेंझीन गोठताना आकसतं, तरीही माती वर उचलली गेली! खरं कारण वेगळं आहे. समईची वात जशी तेल वर ओढते, तसा मातीतला गोठणारा थर खालचं पाणी बारीक छिद्रांतून स्वतःकडे ओढत राहतो. त्याचे बर्फाचे पापुद्रे साचत जातात आणि वरची माती उचलतात. बारीक गाळाच्या मातीत हे सर्वात जास्त होतं, जाड वाळूत फारसं नाही.

आता या मातीत एक खांब आहे असं समजा. जुन्या फ्रीजमध्ये ॲल्युमिनियमचा बर्फाचा ट्रे तळाला असा चिकटून बसायचा की सुरीच्या टोकाने उचकटावा लागे. तशीच गोठलेली माती खांबाला बाजूने पकडते आणि स्वतः वर येताना त्यालाही घेऊन येते. खाली पोकळी राहते, तिच्यात पाणी आणि गाळ शिरतो. उन्हाळ्यात माती वरून वितळत खाली बसते, पण खांबाचा पाय अजून गोठलेलाच असतो आणि खालची जागाही भरलेली. त्यामुळे तो पुरता खाली येत नाही. दर वर्षी थोडा थोडा असा तो वरच सरकत राहतो.

म्हणून इथे जाडजूड काँक्रीटचा खांब हा चुकीचा उपाय. जितका रुंद आणि खडबडीत, तितकी मातीची पकड मोठी. त्याऐवजी स्टेनलेस स्टीलची बारीक सळई, तुकड्याला तुकडा जोडत, वितळणाऱ्या थराच्या बऱ्याच खाली कायम गोठलेल्या जमिनीत ठोकतात. वरच्या भागाभोवती प्लास्टिकची नळी, आणि नळी व सळई यांच्यामध्ये ग्रीस. माती नळीला हवं तितकं वर-खाली ओढू दे, सळईला हातही लागत नाही. मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट ही वाटते की खूण टिकते ती वरची पकड सोडून दिल्यामुळे.

एवढा खटाटोप कशासाठी? उत्तर ध्रुवाजवळच्या नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या नी-ओलेसुंदला, जिथे 2008पासून भारताचं हिमाद्री संशोधन केंद्र आहे, हिमनद्यांचं ओझं कमी होत असल्याने जमीन वर्षाला 8 मिलिमीटरच्या आसपास वर येते आहे. खूणच सेंटिमीटरभर डळमळली तर हे मिलिमीटर कसे कळणार?

त्यात हवामान तापतंय, वितळणारा थर खोल जातोय. काल पुरेशी खोल असलेली सळई उद्या अपुरी ठरू शकते. म्हणून जिथे उघडा खडक मिळतो, तिथे भूमापक सळईच्या भानगडीत पडतच नाहीत. अंटार्क्टिकातल्या शिर्माकर ओएसिस या बर्फाने न झाकलेल्या पट्ट्यात, जिथे आपलं मैत्री संशोधन केंद्र उभं आहे, असा उघडा खडक भरपूर आहे. अशा खडकात भोक पाडायचं आणि धातूची खूण घट्ट बसवायची. आमच्या सड्यावरच्या गड्यालाही हे काम नवीन वाटणार नाही.