आकारिक की संकलित? पहिलीतल्या पोराची नक्की कुठली परीक्षा चाललीय

दिवाळीच्या सुट्टीआधी निकाल सांगितला की एखादी आजी शाळेच्या पायरीवर थांबून विचारतेच, "बाईनू, नातवाक ब-2 गावला, म्हणजे नापास झालो काय ओ?" तिला म्हटलं आजी, ब-2 म्हणजे 61 ते 70 टक्के, आणि पहिलीत नापास कोणी होतच नाही. आजी खूश होऊन घरी जाते, पण तिचा गोंधळ काही खोटा नाही, कारण आम्ही मास्तर लोकच आकारिक आणि संकलित मूल्यमापन अशा दोन वेगळ्या गोष्टींना एका दमात परीक्षा म्हणून मोकळे होतो.

संकलित समजायला सोपं, ते आधी उरकते. सत्र संपत आलं की, म्हणजे एकदा दिवाळीच्या आधी आणि एकदा एप्रिलमध्ये, तोवर जे शिकवलं त्यातलं पोराला किती आलं ते बघायचं. थोडं तोंडी, थोडं लेखी, मार्क टाकले, संपलं.

आकारिक, म्हणजे शिकता शिकताच पोराला काय जमतंय ते बघत राहणं, ते मात्र जूनमध्ये छत्र्या दाराशी सुकायला टाकल्यापासून सुरू होतं आणि पोराला त्याचा पत्ताही नसतो (नसावा!). 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयात त्याची आठ तंत्रं दिलीत, रोजचं निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, छोटी चाचणी, वर्गातलं काम आणि शेवटी इतर. त्याच निर्णयात पहिली-दुसरीला आकारिकला 70 टक्के आणि संकलितला 30 टक्के भार आहे, सातवी-आठवीला जाईपर्यंत तो 40-60 होतो. म्हणजे पोर जितकं लहान तितकं रोजचं बघणं मोठं. कला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण यांना तर संकलित नाहीच.

आता घोळ होतो तो त्या 'छोटी चाचणी'मुळे. आठातलं ते एक तंत्र, पण काही ठिकाणी दर महिन्याला पेपर छापून त्यालाच आकारिक म्हणतात, मग घरी आई पण "उद्या आकारिक आहे, बस अभ्यासाला" म्हणून पोराला मोबाईल देईना. मला विचाराल तर कागद तोच असला तरी चालतो, फरक आहे तो कागद बघून बाई दुसऱ्या दिवशी काय करतात त्यात.

काजूच्या बियांचं सांगते. माझ्या वर्गात एक मुलगी वीसपर्यंत आकडे धडाधडा म्हणायची, पाठ एकदम. तिच्यासमोर 12 बिया ठेवल्या तर मोजून म्हणाली 15. नीट बघितलं तर तोंड पुढे पळत होतं आणि बोट मागे, मधेच एखादी बी दोनदा मोजली जात होती. मग एक करवंटी दिली, म्हटलं मोजलेली बी ह्यात टाकायची, टाकली की मगच पुढचा आकडा. तीन-चार दिवसांत बारा म्हणजे बाराच यायला लागले. नोंदवहीत एवढंच लिहिलं, 'वस्तू सरकवून मोजते, नुसतं बघून मोजताना चुकते.' हे आकारिक. हेच एप्रिलमध्ये पेपरात आलं असतं तर चूक, शून्य, आणि करवंटी द्यायला वेळ कुठे, पोरं निघाली आजोळी आंबे खायला.

दुसरं उदाहरण माझं आवडतं. अक्षराला चित्र जोडा, पानावर ख आणि समोर खेकडा. एका झिलाने खेकडा सरळ क ला जोडला. पेपर तपासणारा काट मारणार, मीही मारली असती, पण सहज विचारलं हे काय रे? म्हणाला "कुर्ली." अहो, त्याच्या घरात रोज कुर्लीच येते, खेकडा कोण म्हणतो! म्हणजे शब्दाचा पहिला आवाज त्याने बरोबर ओळखलेला, कान पक्का आहे, फक्त पुस्तकातला शब्द अजून त्याच्याकडे आलेला नाही. त्याला क-ख चा सराव देऊन काय उपयोग होता?

म्हणून पालकसभेत मार्क विचारण्यापेक्षा नोंद वाचून दाखवा म्हणावं. आणि ती नोंद 'अभ्यासात रस घेतो', 'शाळेत नियमित येतो' अशी असेल तर समजायचं की ती व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या तयार पीडीएफमधून उतरवलीय, ती वर्गातल्या कुठल्याही पोराला चिकटवली तरी बसते. (मीही उतरवल्यात. ऑनलाइन माहिती भरायची लिंक आली आणि त्याच दिवशी नोंदवह्या तपासायच्या असल्या की काय करणार.)

अजून एक, पहिलीत नाव घालताना जो शाळापूर्व तयारी मेळावा असतो, स्टॉल लावून पोराला उड्या मारायला लावतात, रंग ओळखायला सांगतात, ती प्रवेश परीक्षा नव्हे. प्रवेशासाठी पोराची चाळणी लावायला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 13 नेच बंदी आहे, पहिल्यांदा केलं तर 25 हजारांपर्यंत दंड. एक बाबा तिथे लेकाच्या कानात रंगांची नावं सांगत उभे होते. त्यांना हाताला धरून चहाच्या किटलीकडे नेलं, तोवर इकडे पोराने हिरव्याला "पोपटी" म्हटलं आणि तो खरंच पोपटी होता.