येशूच्या समोर कुराण ठेवा, महंमद नव्हे

ख्रिस्ती आणि इस्लाम धर्म शेजारी मांडणारा, स्पर्धापरीक्षांच्या गाइडमधला तो तक्ता एकदाचा रद्दीत घाला. संस्थापक: येशू, महंमद. धर्मग्रंथ: बायबल, कुराण. प्रार्थनास्थळ: चर्च, मशीद. यातली शेवटची ओळ तेवढी धड आहे.

दोन्ही धर्म अब्राहामाच्या देवाचे, ज्यूंच्या संदेष्ट्यांना मानणारे. येशूची गोष्ट नाताळमुळे सगळ्यांना ठाऊक असते, ती सोडतो. फक्त ‘मुसलमान येशूला मानत नाहीत’ हे कृपा करून थांबवा. कुराणात इसा, म्हणजे येशूच, कुमारी मरियमच्या पोटीच जन्मतो. एकोणिसाव्या सूरेचं, म्हणजे अध्यायाचं, नाव मरियम आहे, आणि अख्ख्या कुराणात नावानिशी आलेली स्त्री ती एकटीच. कुराणाला मान्य नाही ते त्याचं देवपुत्र असणं आणि क्रुसावरचा मृत्यू.

सत्तेचाही फरक आहे. ख्रिस्त्यांना रोमन साम्राज्यात उघडपणे जगायला ३१३ साल उजाडलं. महंमद ६२२ मध्ये मदिनेला गेले आणि थोड्याच काळात तिथले राज्यकर्ते झाले. पण इथे कोणी फारसं चुकत नाही.

चुकतात ते देवाचा शब्द कुठे उतरला, या प्रश्नावर. ख्रिस्ती उत्तर: माणसात. तो शब्द देह धरून आला, तोच येशू. शुभवर्तमानं, म्हणजे बायबलमधली येशूचं चरित्र सांगणारी पुस्तकं, ही त्याच्याबद्दलची साक्ष, त्याच्यानंतर काही दशकांनी इतरांनी लिहिलेली. इस्लामचं उत्तर: वाणीत. ६१० पासून ६३२ पर्यंत महंमदांवर जे उतरत गेलं ते कुराण. महंमद स्वतः निरोप आणणारे. पूज्य, पण माणूसच. म्हणून त्यांच्या अनुयायांना ‘महंमदी’ म्हणणं मला चुकीचंच वाटतं. शुभवर्तमानांच्या शेजारी काही ठेवायचंच, तर पैगंबरांची वचनं आणि वर्तन सांगणारी हदीस ठेवा. जोडी तंतोतंत जमत नाही, पण तक्त्यापेक्षा बरी.

पटत नसेल तर दोघांची घरातली भांडणं पाहा. अलेक्झांड्रियाचा एरियस म्हणाला, पुत्र, म्हणजे येशू, हा देवानं निर्माण केलेला आहे. ३२५ मध्ये निकाया इथल्या धर्मसभेनं ते मत फेटाळलं. पाच शतकांनी अब्बासी खिलाफतीत तोच वाद पेटला, पण कुराणावरून: ते निर्मित की अनादि? खलिफा मामूननं ८३३ मध्ये विद्वानांकडून ‘निर्मित’ असं वदवून घ्यायला चौकशा सुरू केल्या. अहमद इब्न हनबल बधले नाहीत. पुढच्या खलिफाच्या काळात त्यांनी फटके खाल्ले, आणि अखेर सुन्नी जगात त्यांचीच बाजू टिकली. वेदांना अपौरुषेय मानणाऱ्या मीमांसकांच्या देशात हा वाद समजायला अवघड जाऊ नये.

भाषेचा आग्रहही यातूनच येतो. येशू बोलायचा अरामी, शुभवर्तमानं आहेत ग्रीकमध्ये, आणि ख्रिस्त्यांचं त्यानं काही अडलं नाही; शब्द देहात होता. कुराणाचं भाषांतर मात्र अर्थ सांगतं, कुराण ठरत नाही. वसईच्या चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे मुख्य उपासनाविधी, मराठीत होतो. रत्नागिरीच्या मशिदीत नमाज अरबीतच पढली जाते.